पाच झाली, एक राहिलंय

मी टेंभुर्णीचा धोंडीराम. कोर्टात लोक मला वकीलसाहेब म्हणतात आणि मीही मान डोलावतो, पण खरं सांगायचं तर मी शिकून वकील झालो नाही, जेवून झालो. ही थट्टा नाही. आमच्या वर्गात वकील व्हायला जेवावं लागायचं आणि त्या जेवणाची हजेरी लागायची. ज्याला पटत नसेल त्याने शिवप्पा मास्तरांचं हजेरीबुक काढून बघावं. त्यात माझ्या नावापुढे शाईच्या खुणा आहेत आणि एका पानावर चटणीच्या तेलाचा डागही आहे. त्या डागाचीच ही गोष्ट.

एकोणीसशे अठ्ठावीस साल. शुक्रवार पेठेत सुताच्या वखारीवर एक लांबडी माडी होती. तिथे बॅरिस्टर विष्णुपंत देगावकरांनी जिल्हा वकिलीच्या परीक्षेचा वर्ग काढला होता. विद्यार्थी अठरा. प्राचार्य स्वतः साहेब. अध्यापक म्हणाल तर एकटे शिवप्पा मास्तर. तेच कारकून, तेच ग्रंथपाल, आणि घंटा वाजवायची झाली तर तीही त्यांनीच वाजवायची. खाली वखारीत सुताचे गठ्ठे आपटले की वर आमच्या दौती हलायच्या.

साहेब विलायतेहून आले ते काळा झगा घेऊन आणि एक वेड घेऊन. झगा ते सोलापूरच्या उन्हाळ्यातसुद्धा अंगावरून काढत नसत. वेड असं, की विलायतेत बॅरिस्टर व्हायचं तर नुसती परीक्षा देऊन भागत नाही, ठरलेली जेवणं पंक्तीत बसून जेवावी लागतात, तेव्हा टर्म भरते. साहेबांचं तिकडे एक जेवण सर्दीपायी हुकलं होतं. तेवढ्या एका जेवणासाठी त्यांना तीन महिने धुक्यात बसून काढावे लागले. माणसाने त्यातून शहाणं होऊन आपल्या विद्यार्थ्यांना सुखाने जगू द्यावं की नाही? पण नाही. त्यांनी परत येऊन तोच नियम मराठीत लिहिला, काचेत बसवला आणि भिंतीवर टांगला.

नियम चौथा: प्रत्येक विद्यार्थ्याने दर टर्ममध्ये सहा भोजने प्राचार्य व अध्यापक यांच्या समवेत घेतली पाहिजेत. नियम पाचवा: हजर असलेली प्रत्येक व्यक्ती जेवल्याखेरीज पंक्तीतून कोणी उठू नये.

परीक्षेच्या फॉर्मला एका वकिलाचा चारित्र्याचा दाखला जोडावा लागायचा. तो दाखला साहेब द्यायचे, आणि टर्म भरल्याशिवाय त्यांचं पेन टोपणातून बाहेर यायचं नाही. म्हणजे आमचं चारित्र्य आमच्या पोटावर अवलंबून होतं.

आता पंक्ती म्हटली की सोलापुरात काय होतं ते विलायतेला काय ठाऊक! बार्शीच्या पुराणिकाला सोवळ्यात जेवायचं. शिवप्पा मास्तर लिंगपूजा झाल्यावर फक्त घरून आलेलं खाणार. विणकरांच्या नरसय्याला स्वतःच्या डब्यावर कुणाची नजर नको. माझ्या डब्यात काय निघेल याची तर सगळ्यांनाच धास्ती. शेवटी तोड निघाली ती अशी: ज्याने त्याने आपापला डबा आणायचा आणि भिंतीकडे तोंड करून बसायचं. मधोमध टेबलावर साहेब, झगा घालून, काटाचमचा घेऊन, आणि त्यांच्याभोवती चारी भिंतींना अठरा पाठी. साहेब एकदा हळूच म्हणाले होते, "विलायतेत असं नव्हतं." पण 'समवेत' म्हणजे समोरासमोर असं नियमात कुठे लिहिलं नव्हतं, आणि शिवप्पा मास्तर लिहिलेल्याच्या पलीकडे एक पाऊल टाकणारे नव्हते.

पहिल्याच जेवणाला साहेबांनी आपल्या कडक भाकरीत काटा घातला. आमच्याकडची कडक भाकरी म्हणजे पापडाची थोरली बहीण. काटा शिरेना. साहेबांनी जोर केला, भाकरी ताटातून उडाली, पुराणिकाच्या शेंडीवरून गेली आणि शिवप्पा मास्तरांच्या उघड्या हजेरीबुकात जाऊन पडली. मास्तरांनी ती उचलली, चष्म्यावरून बघितली आणि विचारलं, "सर, ही हजर मांडायची का?" त्या दिवशी सतरा जणांना ठसका लागला. अठरावा बिरप्पा. तो हसला नाही, उठून साहेबांना त्याने दुसरी भाकरी आणून दिली.

बिरप्पाविषयी सांगायला हवं. तो दुधनीजवळच्या एका धनगरवाडीचा, मेंढरांमागे वाढलेला. दिवाणी कामकाजाचा कायदा त्याला कलमांसकट पाठ होता. मी एखादं कलम शोधायला पुस्तक उघडेपर्यंत त्याचं म्हणून झालेलं असायचं. पण दोन अडचणी होत्या. एक म्हणजे तो 'नाही'ला 'न्हाय' म्हणायचा आणि वर्ग हसायचा. मीही हसायचो. मी स्वतः घरी काय वेगळं बोलत होतो? पण तेव्हा मला अक्कल कमी होती. दुसरी अडचण मोठी होती, त्याला उलटतपासणी जमत नसे. अभिरूप कोर्टात मी साक्षीदार होऊन धडधडीत खोटं बोलायचो, आणि हा समोर उभा राहून घामाघूम व्हायचा.

"विचार ना रे त्याला," साहेब म्हणायचे.

"कसं इचारू सर? त्यो खोटं बोलतोय हे त्याच्या तोंडावर कसं म्हनू? माणूस हाय त्यो."

कलमाशी भांडायला तो घाबरत नव्हता, माणसाशी भांडायला घाबरायचा. शिवप्पा मास्तरांनी त्याला उलटतपासणीत शून्य दिलं होतं, तेही शाईने.

बिरप्पाच्या मामाने त्याला दोन वर्षांची मुदत दिली होती. दोन वर्षांत परीक्षेला बसला तर बरं, नाही तर काठी हातात घेऊन मेंढरांमागे. ऑक्टोबरातला शेवटचा शनिवार आला तेव्हा ती दोन वर्षं संपत आली होती. त्या दिवशी टर्मचं सहावं जेवण होतं. दुपारी एकला जेवण, मग साहेबांच्या सह्या आणि चारच्या आत फॉर्म टपालात. चारनंतर पडलेला फॉर्म सोमवारी मुंबईला पोचणार नव्हता, आणि सोमवारनंतर मुंबईवाले तो घेणार नव्हते. जो चुकला तो वर्षभर घरी.

आणि नेमका बिरप्पा गायब! गुरुवारी त्याला वाडीवरून निरोप आला होता, 'असशील तसा निघून ये.' कोण आजारी, कोण गेलं, काही नाही. बिचारा शुक्रवारी पहाटेच्या गाडीने दुधनीला गेला. शनिवारी अकरापर्यंत येतो म्हणाला होता.

साहेबही गावात नव्हते. अक्कलकोट रोडकडे कुणा अशिलाकडे गेले होते, तेही अकराच्याच गाडीने येणार होते. अकरा वाजले, बारा वाजले. सहाव्या जेवणाला माजी विद्यार्थ्यांनाही बोलावणं असे, म्हणून पहिल्या तुकडीतला मानसिंग आला होता. त्याला सनद मिळून दोन वर्षं झाली होती. कोट नवा होता, मत त्याहून नवं. एक वाजला तेव्हा तो घड्याळाकडे बघून म्हणाला, "साहेब नसले म्हणून काय झालं? मी अध्यक्ष होतो की. सुरू करा."

इथे मला कबूल करायला हवं की या गोष्टीला पहिली टाळी माझी होती. आईने टेंभुर्णीहून पुरणपोळ्या पाठवल्या होत्या आणि सकाळपासून त्यांचा वास मला नीट बसू देत नव्हता. "मास्तर, वेळ म्हणजे वेळ," मी म्हणालो. वेळेचं नाव काढलं की शिवप्पा मास्तर विरघळायचे. आम्ही भिंतीकडे तोंडं केली. मी पाच पुरणपोळ्या खाल्ल्या. मानसिंग 'उठा' म्हणाला, आम्ही उठलो. मास्तरांनी सतरा खुणा केल्या आणि बिरप्पाच्या नावापुढे लिहिलं, गैरहजर. ते वाचून मी आपला रिकामा डबा उगाच पुसत बसलो. पण आता करणार काय?

पावणेतीनला जिन्यावर पावलं वाजली. पुढे साहेब, झग्यावर धूळ. मागे बिरप्पा. आणि त्याच्या मागे डोक्यावर गाठोडं घेतलेली एक उंच, काटक बाई, जिन्याच्या प्रत्येक पायरीकडे संशयाने बघत. होटगीला पुढे मालगाडीचा डबा रुळांवरून घसरला होता आणि यांची गाडी साडेतीन तास तिथेच उभी राहिली होती.

"ही माझी आय, केराबाई," बिरप्पा म्हणाला. त्याचा चेहरा पडलेला होता. त्याने रिकामे डबे बघितले होते.

केराबाईंनी गाठोडं खाली ठेवलं आणि आम्हा सगळ्यांना एकेक करून निरखलं. "ह्योच का वर्ग?" त्यांनी विचारलं. "हितंच माझ्या लेकराला आखाडापासनं पाच बाऱ्या जेवाय घातलंय?"

आम्हाला काही कळेना. मग बिरप्पाने मान खाली घालून सांगितलं. त्याने घरी कार्ड टाकलं होतं: 'या टर्मात जेवणं पाच झाली, एक राहिलंय. ते झालं की फॉर्म जाईल. काळजी करू नये.' वाडीवरच्या शाळामास्तरने ते मोठ्याने वाचून दाखवलं. केराबाईंनी बोटांवर महिने मोजले. आषाढ, श्रावण, भादवा, अश्विन. चार महिन्यांत पाच जेवणं! आणि वर पोरगं म्हणतंय काळजी करू नये! त्यांनी तिथल्या तिथे निरोप धाडला. बिरप्पा धावत गेला तर आई धडधाकट, चुलीपुढे. त्याने परोपरीने समजावलं की रोज खाणावळीत जेवतो, ही जेवणं वेगळी. "जेवणात येगळं काय असतंय?" म्हणून त्या गाठोडं बांधून त्याच्याबरोबर गाडीत बसल्या होत्या.

मी हसू दाबायला खिडकीकडे गेलो. पुराणिकाने उपरण्यात तोंड खुपसलं.

पण शिवप्पा मास्तर हसत नव्हते. त्यांनी हजेरीबुक साहेबांपुढे ठेवलं. "सर, जेवण एकला झालं. सतरा हजर. बिरप्पा गैरहजर. टर्म गेली."

"गेली? कोण गेली?" केराबाई दचकल्या.

"कुणी न्हाय गं आय," बिरप्पा म्हणाला.

साहेब खुर्चीत बसले. त्यांनाही वाईट वाटत होतं हे स्पष्ट दिसत होतं. बिरप्पा त्यांचा आवडता. पण ज्याने स्वतः एका जेवणासाठी तीन महिने धुकं खाल्लं, तो नियम मोडणार कसा? "बिरप्पा," ते म्हणाले, "मला फार खेद होतो. पण नियम..." आणि त्यांनी भिंतीकडे हात केला.

सगळ्यांनी भिंतीकडे बघितलं. बिरप्पानेही बघितलं. त्याचे ओठ हलले. त्याने तो नियम एकदा वाचला, दोनदा वाचला, आणि त्याचे खांदे जरा वर आले.

"सर, एक बोलू? नियमात 'प्राचार्य' लिहिलंय. हितं एक वाजता प्राचार्य कोन हुतं?"

"मी अध्यक्ष होतो," मानसिंग म्हणाला.

"अध्यक्ष हुता. प्राचार्य न्हवता. प्राचार्य एक वाजता होटगीत पेटीवर बसून माज्यासंगं जेवत हुते." त्याने आईकडे बोट केलं. "आयच्या भाकरी."

साहेब लाल झाले. मग कळलं ते असं, की होटगीच्या फलाटावर खायला काही मिळेना, भुकेने साहेबांना चक्कर यायला लागली, तेव्हा केराबाईंनी गाठोडं सोडलं. साहेबांनी तीन भाकरी खाल्ल्या, बिरप्पाने दोन. काटाचमचा बॅगेतच राहिला.

"म्हणजे," मी ओरडलो, "आम्ही सतरा गैरहजर आणि हा एकटा हजर?"

"असंच दिसतंय की," बिरप्पा म्हणाला. त्याला आनंद झाला होता आणि त्याची लाजही वाटत होती.

माडीवर जो कल्ला उठला तो खाली वखारीत ऐकू गेला असणार. नरसय्या तेलुगूत देवाचा धावा करू लागला. पुराणिक मानसिंगला म्हणाला की तुझा कोटच अपशकुनी. मी मानसिंगला त्याहून वाईट बोललो, कारण टाळी माझी होती हे कुणाला आठवायच्या आत मला त्याच्या अंगावर सगळं ढकलायचं होतं. शिवप्पा मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. सतरा खोट्या खुणा! तीस वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी एक खोटी खूण केली नव्हती. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, भिंतीजवळ गेले आणि नियमाच्या काचेवर बोट ठेवलं.

"प्राचार्य *व* अध्यापक," ते म्हणाले. "होटगीत प्राचार्य होते. अध्यापक कुटं होता? अध्यापक हितं होता. मी."

मास्तरांचं बोट काचेवरून हललं नाही.

"हितं अध्यापक होता, प्राचार्य न्हवते. तितं प्राचार्य होते, अध्यापक न्हवता. सतरा गैरहजर. आणि बिरप्पा पण गैरहजर."

"'व' म्हणजे 'किंवा' असं धरता येतं," मानसिंग घाईने म्हणाला.

"'व' म्हणजे व," मास्तर म्हणाले.

साहेबांनी डोळे मिटले. तो 'व' त्यांच्याच हातचा होता. त्यांनी मनात आणलं असतं तर त्याचा 'किंवा' करता आला असता, पण स्वतःचं लिहिलेलं अक्षर मोडायला त्यांचा जीव धजेना. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"मग आता जेवू या की," बिरप्पा म्हणाला. "प्राचार्य हायत, अध्यापक हायत, आमी अठरा हाव. सहावं जेवण आत्ता घ्या. कुटल्या वेळेला घ्यायचं ते नियमात न्हाय."

साहेबांचे डोळे उघडले. मास्तरांनी नियम वरून खाली आणि खालून वर वाचला. "न्हाय," ते म्हणाले. "वेळ लिहिलेली न्हाय." त्यांच्या तोंडून 'न्हाय' निघाला आणि कुणी हसलं नाही.

आता जेवायचं तरी काय? डबे चाटूनपुसून रिकामे. मानसिंग म्हणाला, कोपऱ्यावरून पेढे आणतो. "पेढा म्हणजे भोजन न्हवं," मास्तर म्हणाले. साहेबांनी त्याला त्यापेक्षा टपाल कचेरीत जाऊन खिडकी धरून ठेवायला पिटाळलं. कुणाच्या बिऱ्हाडी जाऊन स्वयंपाक करवायला वेळ नव्हता. अठरा जण हताश होऊन उभे. हे सगळं केराबाई ऐकत होत्या. 'प्राचार्य' आणि 'व' यांतलं त्यांना काही उमगलं नव्हतं. पण अठरा पोरं, जेवणासाठी चाललेली रडारड आणि रिकामे डबे हे उमगायला शिक्षण लागत नाही.

"अगं बया," त्या म्हणाल्या, "एकट्या बिरूचं न्हाय, हितं समद्यांचीच उपासमार हाय की!"

आणि त्यांनी गाठोडं सोडलं. आत पाच कडक भाकरी होत्या आणि शेंगाची चटणी. त्यांनी गाठोड्याचा धडपा मधोमध पसरला आणि एकेका भाकरीचे चार चार तुकडे केले. वीस चतकोर झाले. अठरा आम्ही, एक साहेब, एक मास्तर. बरोबर वीस.

पण आम्ही जागचे हललो नाही. सगळ्यांच्या मनात काय होतं ते मला पक्कं ठाऊक आहे, कारण माझ्याही मनात तेच होतं. दोन वर्षं आम्ही भिंतीकडे तोंड करून जेवलो होतो ते उगाच नव्हे. पुराणिकाने मास्तरांकडे बघितलं. नरसय्याने मास्तरांकडे बघितलं. मास्तर घरच्याशिवाय घास घेत नसत, आणि मास्तरांनी घास घेतला नाही तर जेवण 'समवेत' होत नव्हतं. बिरप्पा आईच्या मागे उभा होता आणि जमिनीकडे बघत होता. त्याच्या आईच्या हातची भाकरी मध्ये पडली होती आणि कुणी हात पुढे करत नव्हतं. मला एवढी शरम आयुष्यात पुन्हा वाटली नाही. मी पुढे झालो नाही, हेही इथेच सांगून टाकतो.

केराबाईंनी मास्तरांकडे बघितलं. त्यांच्या कपाळावरचं भस्म बघितलं. "ऊट माडरी, अण्णा," त्या म्हणाल्या.

जेवा म्हणाल्या, कानडीत. शिवप्पा मास्तरांच्या घरची भाषा कानडी, पण दोन वर्षांत आम्ही त्यांच्या तोंडून तिचा एक शब्द ऐकला नव्हता. वर्गात इंग्रजी आणि मराठीच चालेल, हाही नियम त्यांचाच. मास्तर त्या बाईकडे बघत राहिले. मग ते खाली बसले, मांडी घालून, धडप्याकडे तोंड करून. त्यांनी एक चतकोर उचलला, चटणी लावली आणि तोंडात घातला. कडाम् असा आवाज झाला. तो आवाज ऐकून आम्ही सगळे इतक्या घाईने बसलो की पुराणिकाचा गुडघा माझ्या बरगडीत गेला.

त्या दिवशी कुणालाच भिंतीकडे तोंड करता आलं नाही, कारण भाकरी मध्ये होती. पोटं टच्च भरलेली, त्यात कडक भाकरी आणि वर ती चटणी. पुराणिकाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. नरसय्याला उचकी लागली. माझ्या पोटातल्या पाच पुरणपोळ्या सरकायला तयार नव्हत्या. मी उभा राहिलो, दोन उड्या मारल्या आणि पुन्हा बसलो. साहेब हसायला लागले, झग्याच्या बाहीने डोळे पुसत हसायला लागले, आणि मग कुणालाच आवरेना. मास्तर एका हाताने खात होते आणि दुसऱ्या हाताने खुणा करत होते. चटणीच्या तेलाचा तो डाग तेव्हाचा. "साकु, साकु," पुरे म्हणून ते सांगत होते आणि केराबाई त्यांना चटणी वाढतच होत्या.

साडेतीन झाले. साहेबांनी 'उठा' म्हणायला तोंड उघडलं. शिवप्पा मास्तरांनी बोट वर केलं.

"सर, नियम पाचवा."

"आता काय मास्तर?" मी जवळजवळ रडलो.

"हजर असलेली प्रत्येक व्यक्ती. 'विद्यार्थी' न्हाय लिहिलेलं, 'व्यक्ती' लिहिलंय." त्यांनी केराबाईंकडे बघितलं. "ह्या जेवल्या न्हाईत."

"मी घरनं जेवून आलीय," केराबाई पटकन म्हणाल्या. "पोटभर. तुमी उठा."

सुटलो असं मला वाटलं. साहेबांनाही वाटलं. पण बिरप्पा आईकडे बघत होता. त्याच्या हातात त्याचा चतकोर तसाच होता. सगळ्यांना वाढता वाढता त्याचं स्वतःचं राहून गेलं होतं. धडप्यावर दुसरं काही उरलं नव्हतं.

"आय," तो म्हणाला, "भाकरी किती केल्या हुत्यास?"

"धा."

"गाठोड्यात किती बांधल्यास?"

"आता ते काय मोजून बांधत्यात व्हय?"

"किती बांधल्यास?"

केराबाईंनी पदर सारखा केला. "धा."

"होटगीत सायबांनी तीन खाल्ल्या, मी दोन. हितं पाच निघाल्या." त्याचा आवाज अगदी हळू होता आणि त्याला घाम आलेला नव्हता. "मग घरनं जेवून आलीस ती कुटली भाकरी खाऊन?"

केराबाईंनी तोंड फिरवलं. त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. मग म्हणाल्या, "लेकरं उपाशी हायत म्हनल्यावर माझ्या घशाखाली कसं उतरंल?"

बिरप्पाने आपल्या चतकोराचे दोन तुकडे केले. एक तिच्या हातात ठेवला. दुसरा आपल्या तोंडात घातला, आणि मग रडायला लागला, भाकरी चावता चावताच. केराबाईंनी आपला तुकडा खाल्ला. शिवप्पा मास्तरांनी बुक उघडलं. बिरप्पाच्या नावापुढे सहावी खूण केली. मग दुसरं पान काढलं, उलटतपासणीचं, आणि तिथलं शून्य खोडून काहीतरी लिहिलं. किती ते मला कधीच बघू दिलं नाही.

"उठा!" साहेब ओरडले.

सह्या झाल्या. अठरा फॉर्म छातीशी धरून मी शुक्रवार पेठेतून जो धावलो, तसा पुढे कधी धावलो नाही. पोटात पाच पुरणपोळ्या, एक चतकोर आणि चटणी. टपाल कचेरीत मानसिंग नव्या कोटासकट खिडकीत अर्धा आत घुसलेला होता आणि टपालबाबू त्याला बाहेर ढकलत होता. चारला दोन मिनिटं कमी असताना फॉर्म आत गेले. मी तिथेच पायरीवर बसलो आणि हसलो, एकटाच, वेड्यासारखा.

परत आलो तेव्हा सगळे तसेच गोल करून बसलेले होते. भिंतींकडे कुणाचंच तोंड नव्हतं. केराबाई रिकामा धडपा झाडून घडी करत होत्या. गाडीची वेळ होत आली होती. जाता जाता त्या साहेबांपुढे उभ्या राहिल्या आणि हात जोडले.

"सायब, आता सा जेवणं झाली न्हवं?"

"झाली बाई. सगळी झाली."

"मग आता तरी माझ्या लेकराला रोज जेवाय घालाल का?"

कुणीतरी समजावून सांगायला तोंड उघडलं. मीच असेन. साहेबांनी मला हाताने गप्प केलं. "घालतो बाई," ते म्हणाले.

आणि परीक्षेला मुंबईला जाईपर्यंत बिरप्पा रोज दुपारी साहेबांच्या घरी, साहेबांच्या शेजारी बसून जेवला.